निविदा निघते, नदी तशीच राहते

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाविषयीचे नियम अधिसूचित केले. ज्या जागी पूर्वी घातक रसायने गाडली, सांडली वा साठवली गेली आणि त्यामुळे जिथली माती व भूजल नासले, अशा जागा शोधणे, तपासणे आणि शुद्ध करणे यासाठी देशात प्रथमच स्वतंत्र कायदेशीर चौकट तयार झाली. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी आपल्या हद्दीतील संशयित स्थळांची यादी द्यावी, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने किंवा तज्ज्ञ संस्थेने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करावी, आणखी तीन महिन्यांत सविस्तर पाहणी व्हावी, दोषी ठरणाऱ्याकडून शुद्धीकरणाचा खर्च वसूल करावा, असा हा क्रम आहे. अशी १०३ स्थळे देशात निश्चित झाली होती आणि त्यांपैकी केवळ सात ठिकाणी काम सुरू झाले होते, हेही त्याच वेळी समोर आले.

नियम चांगले आहेत. ते यायला फार उशीर झाला, पण आले याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र त्यात एक गोष्ट नाही. स्थळ दूषित ठरल्यावर ते किती काळात शुद्ध झालेच पाहिजे, याची मुदत नियमांत दिलेली नाही. तपासणीला कालमर्यादा आणि शुद्धीकरण मात्र मोकळे, अशी ही स्थिती आहे. आपल्या देशातील पर्यावरणविषयक सरकारी कामांचा इतिहास ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या उणिवेचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. अहवाल येतील, बैठका होतील, निविदा निघतील; परंतु नदी, खाडी किंवा शेतजमीन शेवटी शुद्ध झाली की नाही, हे छातीठोकपणे सांगणारा एकही माणूस सापडणार नाही. प्रश्न पैशाचा जितका आहे, त्याहून अधिक तो या माणसाचा आहे.

एका खाडीचे किती धनी?

हा प्रश्न समजून घेण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. ठाण्याहून जुन्या आग्रा रस्त्याने भिवंडीकडे निघाले की बाळकुम ओलांडताच खाडीवरचा पूल लागतो. पुलापलीकडचे पहिले गाव कशेळी. खालून वाहते ती उल्हास नदी. मात्र इथवर येताना तिची खाडी झालेली असते. राजमाचीच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी कर्जत, नेरळ, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण अशी गावे-शहरे मागे टाकत येथे पोहोचते आणि पुढे वसईच्या समुद्राला मिळते. याच पट्ट्यातील अंजूरच्या गंगाजी नाईकांचे नाव साष्टी-वसईच्या १७३७ ते १७३९ च्या मोहिमेशी कायमचे जोडले गेले आहे. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेला हा आगरी-कोळी समाजाचा मुलूख. जिताडा, बोय, निवटी, कोलंबी ही येथील खाडीने माणसांना दिलेली पोटगी होती. आज त्याच गावांभोवती गोदामांची नगरे उभी आहेत. कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ हा पट्टा देशातील मोठ्या साठवण केंद्रांपैकी एक मानला जातो, आणि यांतील काही गोदामांत बेकायदा साठवलेल्या रसायनांना लागलेल्या आगींच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आल्या आहेत.

नदीच्या वरच्या अंगाला लाखो लोक तिचे पाणी पितात. त्याच नदीत पुढे शहरांचे मैलापाणी येते, वालधुनी येते, कारखान्यांचे आणि भिवंडीच्या यंत्रमागांमागून चालणाऱ्या रंगाई-सायझिंगच्या उद्योगांचे सांडपाणी येते. २९ नोव्हेंबर २०१४ च्या पहाटे वालधुनीत टँकरमधून रसायन ओतले गेले आणि उल्हासनगरात वायूने गुदमरलेल्या शेकडो लोकांना रुग्णालयांत न्यावे लागले. त्यानंतरच्या वर्षी, जुलै २०१५ मध्ये, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल या परिसरातील स्थानिक स्वराज्य संस्था व सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना मिळून सुमारे ९५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. एका स्वयंसेवी संस्थेने न्यायासनाकडे धाव घेतली तेव्हा हे घडले. शासनाच्या इतक्या यंत्रणा असताना नागरिकांना न्यायासन का गाठावे लागले?

याचे उत्तर या खाडीच्या धन्यांच्या यादीत आहे. कशेळीत कारभार ग्रामपंचायतीचा. परंतु भिवंडीभोवतालच्या ६० गावांचे नियोजन २००७ पासून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. पलीकडचा काठ ठाणे महापालिकेचा. वरून येणारे पाणी कल्याण-डोंबिवली आणि उल्हासनगर महापालिकांचे, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांचे, औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींचे. पाण्याची गुणवत्ता प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाहायची, रेती जिल्हाधिकाऱ्यांनी, जलवाहतूक सागरी मंडळाने, तिवरांची बने वन विभागाच्या कांदळवन कक्षाने, मासे मत्स्यव्यवसाय विभागाने आणि काठावरचे बांधकाम किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाने. प्रत्येकाचे काम कायद्याने ठरलेले आहे आणि प्रत्येक जण आपल्यापुरते खरेही बोलतो. पण ‘ही खाडी अमुक वर्षापर्यंत मासळीला पुन्हा जगवण्याइतकी शुद्ध होईल आणि न झाल्यास मी उत्तरदायी आहे’, असे म्हणणारे पद यात कुठेच नाही. बारा घरच्या पाहुण्यासारखी ही नदी उपाशी राहते.

मोजल्यावाचून शुद्धी नाही

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आहे. परंतु गेल्या अनेक वर्षांत नदी-खाडीच्या प्रश्नावर अभियंत्यांशी आणि वैज्ञानिकांशी बोलताना एक गोष्ट स्पष्ट होत गेली. शुद्धीकरणाचे काम म्हणजे झाडलोट नव्हे. कचरा उचलला, गाळ काढला, काठाला रंग दिला, दिवे लावले, म्हणजे नदी शुद्ध होत नाही. पाण्यात काय आहे, किती आहे, कोठून येते, कोठे साठते आणि काढल्यावर ते कोठे जाते, या पाच प्रश्नांची उत्तरे हाती असल्याशिवाय केलेला खर्च हा अंधारात मारलेला दगड असतो.

कशेळीच्याच पाण्याचे उदाहरण घ्या. येथे दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी वर चढते आणि घाण पातळ होते. ओहोटीला वरच्या शहरांचे पाणी खाली येते आणि तीच घाण दाट होते. उधाणाच्या दिवशीचे आणि भांगाच्या दिवशीचे पाणी सारखे नसते. श्रावणातले आणि वैशाखातले तर नसतेच नसते. तेव्हा पुलावरून एकदा बाटली भरून आणली आणि प्रयोगशाळेने आकडा दिला, तर त्या आकड्याचा अर्थ काय? नमुना भरतीला घेतला असेल तर खाडी बरी दिसेल, ओहोटीला घेतला तर भयंकर. दोन्ही आकडे खरे आणि दोन्ही अपुरे. जाणकार वैज्ञानिक भरती-ओहोटीची वेळ नोंदवून, वेगवेगळ्या खोलीवरून, वर्षभर नमुने घेतो आणि मग बोलतो. खाडीवरचा वृद्ध कोळीही पाण्याकडे पाहून हेच सांगेल. फक्त त्याचे ज्ञान कागदावर येत नाही.

दुसरी गोष्ट गाळाची. जड धातू आणि अनेक टिकाऊ रसायने पाण्यात तरंगत राहत नाहीत. ती तळाच्या चिखलाच्या कणांना चिकटून बसतात. वरचे पाणी तुलनेने बरे असताना तळाशी वर्षानुवर्षांचे विष साठलेले असू शकते. अशा जागी नीट तपासणी न करता यंत्रे लावून गाळ उपसला, तर तळाशी निजलेली रसायने पुन्हा पाण्यात मिसळतात, आणि उपसलेला गाळ जेथे टाकला जाईल तेथे नवे दूषित स्थळ तयार होते. म्हणजे शुद्धीकरणाच्या नावाखाली एका गावचे दुखणे दुसऱ्या गावाला दिले जाते. कोणता गाळ काढावा, कोणता जागीच झाकावा आणि कोणता घातक कचरा म्हणून स्वतंत्रपणे हाताळावा, हा निर्णय निविदेच्या कलमांनी होत नाही. तो शास्त्राने होतो.

तिसरी गोष्ट मोजमापाच्या मापाची. पाण्यातील सेंद्रिय घाण ओळखण्यासाठी ‘बीओडी’ म्हणजे जैविक प्राणवायू मागणी मोजतात. नमुन्यातील सूक्ष्म जिवाणूंना ती घाण पचवताना किती प्राणवायू लागतो, हे त्यावरून कळते. पाश्चात्त्य पद्धतीत ही चाचणी २० अंश तापमानाला पाच दिवस चालते. आपल्या उष्ण देशात जिवाणू अधिक वेगाने काम करतात, म्हणून भारतीय मानकाने २७ अंशाला तीन दिवस असे माप स्वीकारले. बाहेरचे शास्त्र घ्यावे, पण ते आपल्या मातीला आणि हवेला जुळवून घ्यावे, याचे हे लहानसे पण चांगले उदाहरण आहे. नदीत स्नान करता यावे यासाठी हे प्रमाण लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ नदीपट्टे प्रदूषित ठरवले, तेव्हा त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रात होते आणि राज्यवार यादीत आपला क्रमांक पहिला होता. ज्या राज्याने केंद्राच्या १९७४ च्या कायद्याआधी, १९६९ मध्येच, जलप्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा केला आणि १९७० मध्ये मंडळ स्थापन केले, त्या राज्याला हा क्रमांक शोभणारा नाही.

गंगेकाठचे दोन आचार्य

नदीशुद्धीच्या सरकारी प्रयत्नांत शास्त्रज्ञाचे स्थान काय असते, हे गंगेइतके स्पष्टपणे कोणी सांगू शकणार नाही. १९८६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांनी वाराणसीत गंगा कृती योजनेचा प्रारंभ केला. मैलापाणी उपसणारे पंप आले, प्रक्रिया केंद्रे आली. परंतु पंपांना वीज लागते आणि त्या काळच्या वाराणसीत वीज तासन्‌तास जात असे. वीज गेली की पंप बंद आणि मैला थेट गंगेत. प्रक्रिया केंद्रात घाण खाणारे जिवाणू अखंड हवेवर जगतात. हवा देणारी यंत्रे थांबली की तेही गुदमरतात. केंद्र उभारायला दिल्लीचा पैसा, पण विजेचे देयक स्थानिक संस्थेच्या माथी, आणि ती संस्था आधीच कर्जात. आराखडा कागदावर निर्दोष होता. तो ज्या शहरात चालायचा होता, त्या शहराकडे आराखडा करणाऱ्यांनी पुरेसे पाहिले नव्हते.

हे ठासून सांगणारा माणूस संकटमोचन मंदिराचा महंत होता. प्रा. वीरभद्र मिश्र हे काशी हिंदू विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख आणि जलशास्त्राचे प्राध्यापक होते. पहाटे गंगेत स्नान करायचे आणि दिवसा त्याच पाण्यातील मैलाजन्य जिवाणू मोजायचे, असे त्यांचे जीवन होते. १९८२ मध्ये त्यांनी संकटमोचन फाउंडेशन स्थापन केले, तुळशी घाटावर प्रयोगशाळा चालवली आणि गुरुत्वाकर्षणाने वाहणाऱ्या, विजेवर कमीत कमी विसंबणाऱ्या तलावपद्धतीचा पर्याय मांडला. श्रद्धा आणि शास्त्र यांत विरोध असतो असे मानणाऱ्यांना मिश्रजींचे आयुष्य हेच उत्तर आहे. गंगा माता आहे, म्हणूनच तिच्या पाण्याचा आकडा खोटा असता कामा नये, ही त्यांची भूमिका होती. २०१३ मध्ये ते गेले. सरकारी योजनेची सूत्रे मात्र त्यांच्यासारख्या माणसाच्या हाती कधी आली नाहीत.

दुसरे नाव प्रा. गुरुदास अग्रवाल यांचे. आयआयटी कानपूरचे हे प्राध्यापक केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पहिले सदस्य सचिव होते. उत्तरायुष्यात ते स्वामी ज्ञानस्वरूप सानंद झाले आणि गंगेच्या अविरल प्रवाहासाठी केलेल्या उपोषणाच्या १११ व्या दिवशी, ११ ऑक्टोबर २०१८ रोजी, त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या सर्व मागण्या कोणाला पटोत वा न पटोत. देशाच्या प्रदूषण नियंत्रण यंत्रणेच्या पायाभरणीतला अभियंता शेवटी उपोषणाला बसतो, यात व्यवस्थेने अंतर्मुख होऊन विचार करावा असे पुष्कळ आहे.

अधिकार कोणाच्या हाती?

सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २०१७ च्या निकालात राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळांच्या नेमणुकांवर नेमके बोट ठेवले. या मंडळांच्या अध्यक्षपदी आणि सदस्यपदी विषयाचे ज्ञान वा अनुभव नसलेल्या व्यक्ती बसवल्या जातात, याबद्दल खंत व्यक्त करून न्यायालयाने राज्यांना सहा महिन्यांत पात्रतेचे नियम करण्यास सांगितले. २०२४ मध्ये जल प्रदूषण कायद्यात दुरुस्ती होऊन राज्य मंडळांच्या अध्यक्षांच्या नेमणुकीची पद्धत ठरवण्याचा अधिकार केंद्राकडे आला. म्हणजे नियम करण्याची वाट मोकळी आहे. आता पाहायचे ते एवढेच, की मंडळाच्या शीर्षस्थानी पाण्याचे आणि रसायनांचे जाणकार बसतात, की सोय लावण्याची ही आणखी एक जागा ठरते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. प्रशासन चालवणे हे शास्त्रज्ञाचे काम नव्हे, असे म्हणतात. अतिक्रमण हटवणे, पोलीस बंदोबस्त मागवणे, चार खात्यांना एका मेजावर आणणे, लोकप्रतिनिधींशी बोलणे हे प्रयोगशाळेत शिकवले जात नाही. १९९४ च्या प्लेगनंतर सुरत शहर स्वच्छ करून दाखवले ते पालिका आयुक्त एस. आर. राव यांनी, आणि ते प्रशासकीय सेवेतले अधिकारी होते. हे उदाहरण खरे आहे. उलट बाजूही पाहावी लागते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईच्या मिठी नदीतून वर्षानुवर्षे गाळ काढला गेला. त्या कामात सुमारे ६५ कोटींचा अपहार झाल्याच्या आरोपावरून मे २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला आणि आरोपींत ठेकेदारांबरोबर महापालिकेचे अभियंतेही आहेत. आरोप अजून न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत. परंतु अभियंत्याची पदवी म्हणजे सचोटीचे प्रमाणपत्र नव्हे, एवढे त्यातून समजायला हरकत नाही.

म्हणून वाद आयएएस विरुद्ध अभियंता असा मांडणे चुकीचे आहे. रावांना सुरतेत यश आले, कारण शहराची सारी सूत्रे एका हाती होती आणि अपयशाचे खापरही त्याच माथ्यावर फुटणार होते. ई. श्रीधरन या अभियंत्याने कोकण रेल्वे आणि दिल्ली मेट्रो उभी केली, तीही याच रीतीने: पद निश्चित, कालावधी पुरेसा, निर्णयाचा अधिकार पूर्ण आणि कामाची तारीख जगजाहीर. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झाले आणि १९९८ च्या जानेवारीत संपूर्ण मार्गावर गाडी धावली. रूळ टाकण्याच्या कामाला आपण जो मान दिला, तो नदी शुद्ध करण्याच्या कामाला अजून दिलेला नाही. पुण्याच्या मुळा-मुठेचे उदाहरण बोलके आहे. जपानच्या अर्थसाहाय्याचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला, ११ प्रक्रिया केंद्रांची सुमारे ९९० कोटींची योजना ठरली, मुदत जानेवारी २०२२ ची होती. प्रत्यक्ष उभारणीला हात लागला तो २०२२ च्या सुमारास. पैसा होता, तंत्र होते. सहा वर्षे निविदांच्या फेऱ्यांत गेली आणि त्याबद्दल कोणा एकाला जाब विचारता आला नाही.

लंडनच्या थेम्स नदीची कथा या संदर्भात आठवावी. जोसेफ बाझल्जेट हे १८५६ मध्ये तेथील बांधकाम मंडळाचे मुख्य अभियंता झाले. मैलापाणी नदीला समांतर वाहिन्यांतून शहराबाहेर नेण्याचा त्यांचा आराखडा दोन वर्षे मंजुरीच्या हेलपाट्यांत अडकला. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीची दुर्गंधी थेट पार्लमेंटच्या सभागृहात शिरली आणि अवघ्या काही दिवसांत कायदा होऊन मंडळाला पैसा व निर्णयाचा अधिकार मिळाला. बाझल्जेट त्या पदावर १८८९ पर्यंत, म्हणजे ३३ वर्षे राहिले. आपल्याकडे प्रकल्पाचा अधिकारी तीन वर्षे टिकला तरी नशीब म्हणायचे.

अमेरिकेने १९८० मध्ये, लव्ह कॅनाल येथे जुन्या रासायनिक कचऱ्यावर वसलेली वस्ती उठवावी लागल्यानंतर, दूषित स्थळांसाठी ‘सुपरफंड’ कायदा केला. त्या व्यवस्थेत प्रत्येक स्थळासाठी एक प्रकल्प व्यवस्थापक नावानिशी नेमला जातो. तो बहुधा अभियंता वा वैज्ञानिक असतो. कोणता उपाय निवडला आणि का, याची नोंद जनतेसाठी प्रसिद्ध होते. घातक द्रव्ये जागेवर राहिली असतील, तर दर पाच वर्षांनी फेरतपासणी होते. लव्ह कॅनालचे नाव यादीतून निघायला २००४ साल उजाडले. त्या देशाचे सारेच अनुकरणीय नाही, आणि तेथेही कामे रखडतात. परंतु कोणाला विचारायचे, हे तेथील नागरिकाला ठाऊक असते.

आपल्या देशात हे अशक्य आहे असेही नाही. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात ४० वर्षे पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये बंद कंटेनरांतून पिथमपूरला नेण्यात आला. उच्च न्यायालयाने मुदत घातली होती. आधी वेगवेगळ्या वेगाने तीन चाचण्या झाल्या, चिमणीतून काय बाहेर पडते ते मोजले गेले, आणि जूनअखेरीस सारा साठा जाळून संपला. मुदत, मोजमाप आणि उत्तरदायित्व एकत्र आल्यावर चार दशकांचे काम सहा महिन्यांत झाले. पण पिथमपूरच्या लोकांना आधी विश्वासात न घेतल्याने तेथे रस्त्यावर उद्रेक झाला, आणि भोपाळच्या कारखान्याभोवतीची माती व भूजल यांचे काम अजून बाकीच आहे. यशाइतकाच या उणिवांचाही धडा घेतला पाहिजे.

कशेळीसाठी काय मागावे?

उल्हासच्या खाडीसाठी राज्य शासनाने एक प्रकल्प प्रमुख नेमावा. तो पर्यावरण अभियंता वा जलवैज्ञानिक असावा, त्याला किमान पाच वर्षांचा कालावधी मिळावा आणि बदलापूरपासून वसईपर्यंतच्या सर्व संस्थांना लेखी निर्देश देण्याचा अधिकार असावा. अतिक्रमण आणि कायदा-सुव्यवस्था यांसाठी जिल्हाधिकारी त्याच्या पाठीशी उभे राहावेत. त्याच्या डोक्यावर बसू नयेत. निविदा काढण्याआधी वर्षभराची भरती-ओहोटीनिशी मोजणी व्हावी आणि ती प्रसिद्ध व्हावी. ठेकेदाराला उपसलेल्या टनांवर वा ओतलेल्या काँक्रीटवर पैसे देण्याची पद्धत थांबावी. देयकाचा मोठा हिस्सा पाण्याची गुणवत्ता ठरलेल्या मर्यादेत आल्यावर आणि पुढे काही वर्षे टिकल्यावरच मिळावा. प्रक्रिया केंद्राच्या विजेचा आणि देखभालीचा पैसा उभारणीच्या खर्चाबरोबरच बाजूला काढून ठेवावा. मोजमाप करणारी प्रयोगशाळा काम करणाऱ्या यंत्रणेहून वेगळी असावी. नागपूरची ‘नीरी’ १९५८ पासून याच विद्येसाठी उभी आहे. आयआयटी मुंबई हाकेच्या अंतरावर आहे. परदेशी सल्लागारांपूर्वी त्यांना हाक मारायला काय हरकत आहे?

नव्या नियमांप्रमाणे ठाणे जिल्हा प्रशासनाला संशयित दूषित स्थळांची यादी द्यायची आहे. गोदामांच्या पट्ट्यात जेथे रसायने साठवली गेली, जळली वा सांडली, तेथील माती आणि विहिरी तपासाव्यात, ही मागणी गावांनी ग्रामसभेच्या ठरावाने करावी. तपासणीआधीच कोणाच्या जमिनीला विषारी म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण जमिनीचे भाव पडतील या भीतीने तपासणीच टाळणे हा पुढच्या पिढीवरचा अन्याय आहे. त्या विहिरीचे पाणी शेवटी आपल्याच घरातली लेकरे पिणार आहेत.

आणि समाजाचे काय? नदीला माता म्हणणाऱ्या समाजाने सारे ओझे शासनावर टाकून मोकळे होणे शोभत नाही. आपल्या गृहसंकुलाचे मैलापाणी कोठे जाते, हे किती जणांनी विचारले आहे? रात्री नाल्यात रिकामा होणारा टँकर कोणाच्या ओळखीचा असतो, हे गावाला पुष्कळदा माहीत असते आणि गाव गप्प राहते. आरती आणि ओटी यांबरोबर नदीला आज आणखी एक सेवा हवी आहे. गावातल्या महाविद्यालयाने, मंडळाने, मच्छीमार संस्थेने दर महिन्याला ठरल्या भरतीला आणि ठरल्या ओहोटीला नमुना घ्यावा, त्याची वही ठेवावी, आणि अधिकारी आला की ती वही त्याच्यापुढे ठेवावी. तुळशी घाटावर एका महंताने हेच केले.

अभियांत्रिकीच्या वर्गात बसलेल्या आपल्या मुला-मुलींपैकी पुष्कळांना संगणक कंपन्यांची वाट ठाऊक असते. खाडीची वाट त्यांना कोणी दाखवत नाही. तिथे पगार कमी, दबाव जास्त आणि टाळ्या जवळजवळ नाहीतच. तरीही हे काम राष्ट्रउभारणीचेच आहे आणि त्याला बुद्धिमान, निर्भय, चिवट माणसे हवी आहेत. अशी माणसे या समाजात आहेत. त्यांना अधिकार, कालावधी आणि संरक्षण देणारे पद शासनाने आधी निर्माण करावे, आणि त्या पदावरील माणूस खरे आकडे सांगू लागला की समाजाने त्याच्या पाठीशी उभे राहावे. उल्हासच्या पाण्यात पुन्हा जिताडा दिसेल की नाही, हे पुढच्या निविदेपेक्षा या दोन गोष्टींवर अवलंबून आहे.